नवमीला पेरलेला वाफा

१

माणसाला वेड असावं, पण परवडणारं असावं, असं जगदेवी म्हणते. जगदेवी माझी बायको. मी सोलापुरात एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. आम्ही भवानी पेठेत राहतो. तिथे चारी बाजूंनी मागांची खटखट चाललेली असते आणि कुंडीतली तुळससुद्धा धूळ खाऊन जगते. अशा ठिकाणच्या वनस्पतिशास्त्राच्या मास्तराला रविवारी कुठेतरी पळून जावंसं वाटलं तर त्यात नवल नाही. त्र्याहत्तर साली मी दर रविवारी सकाळच्या पॅसेंजरने होटगीला जात होतो, तिप्पण्णामामांची बाग बघायला.

मामा माझ्या नात्यातले नव्हेत. ते रेल्वेच्या एका साहेबाच्या बंगल्यावर तीस वर्षं माळीकाम करून सत्तर साली रिटायर झाले होते. स्टेशनपासून दहा मिनिटांवर त्यांची पंधरा गुंठे जमीन, एक विहीर, पत्र्याच्या दोन खोल्या आणि बायको शरणम्मा. मूलबाळ नव्हतं. त्या पंधरा गुंठ्यांत त्यांनी बारमाही बाग केली होती. दर साल उपटा आणि दर साल लावा, हे त्यांना पटत नसे. एकदा लावलं की झाडानं आपल्या मुळावर उभं राहून वर्षानुवर्षं फुलावं, असं त्यांचं म्हणणं. मोगरा होता, अबोली होती, निशिगंधाच्या ओळी होत्या, कर्दळी होत्या. दुष्काळानं अख्ख्या जिल्ह्याचा घसा कोरडा पडला होता, मामांच्या विहिरीत दिवसाला दोन बादल्या पाणी येत होतं, आणि त्या बागेत एक पान करपलेलं नव्हतं. मी पुस्तकं वाचून पास झालेला माणूस. असली बाग मला सात जन्मांत जमली नसती, हे मी पहिल्याच दिवशी कबूल करून टाकलं.

आणि सगळ्यांच्या मधोमध होता पिवळ्या ल्युपिनचा वाफा. ल्युपिन हे थंड हवेचं झाड. आपल्याकडे हौशी लोक ते दसऱ्याच्या सुमारास पेरतात, थंडीत त्याला फुलांचे उभे तुरे येतात आणि होळीपर्यंत ते वाळून जातं. मामांची जात बुटकी होती, गुडघ्याच्याही खाली राहणारी, अंगानं घट्ट आणि गोल. हाताच्या पंजासारखं पान आणि प्रत्येक झाडावर हळदीच्या रंगाचे सहा-सात तुरे. समोरासमोर दोन ओळी, ओळीत वीस झाडं, मध्ये माणूस उकिडवा बसून सरकेल एवढी वाट. सकाळी प्रत्येक पानाच्या मध्यावर पाण्याचा एकेक थेंब बसलेला असायचा. मी फेब्रुवारीत तो वाफा पहिल्यांदा पाहिला आणि परतीची गाडी चुकवली.

२

मामा बोलायला मोकळे होते. एरवी त्यांची बाग बघायला येत होतं कोण? गावाच्या लेखी ते फुलं विकणारे म्हातारबाबा. मी बूट काढून वाटेवर बसायचो, पानं मोजायचो, आणि ते बाजेवरून मला एकेक गोष्ट सांगायचे. साहेबांची बदली झाली तेव्हा मॅडमनी उटीहून आणलेली बियांची पुडी त्यांना देऊन टाकली होती. पुडीवर चित्र होतं. आपली काळी जमीन चुनखडीची, ती या झाडाला सोसत नाही, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. तरी त्यांनी वाफा हातभर खणला, काळी माती काढून टाकली आणि मुरूम नि कुजलेला पाला भरला. रोप उपटून दुसरीकडे लावलं तर ते मरतं, म्हणून बी जागच्या जागी टोकलं. बी दगडासारखं कठीण असतं, म्हणून आदल्या दिवशी कोमट पाण्यात भिजत घातलं. मी पदवीच्या मुलांना जे तीन तासांत शिकवतो ते या माणसाच्या बोटांना आधीच ठाऊक होतं. मी त्यांचं तोंडभर कौतुक केलं. ते लाजले आणि शरणम्माला म्हणाले, "ऐक की, सर काय म्हनतात."

मला चमत्कार वाटला तो मे महिन्यात. सोलापूरचा मे काय असतो हे सोलापूरकराला सांगायला नको. पत्र्याला हात लागला तर फोड येतो. त्या उन्हात ल्युपिनचा वाफा हिरवागार उभा होता आणि नव्यानं तुरे आले होते. मी मामांना विचारलं, ही यंदाची झाडं का? ते म्हणाले, "न्हाय की सर. सत्तरची हायेत. तवापास्नं हलली न्हाईत."

तीन उन्हाळे. मी खाली बसून एका झाडाचं खोड चाचपलं. ते अंगठ्याएवढं जाड होतं. हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं, आणि ते पहिल्यांदा माझ्या हाताखाली आलं होतं. मला त्या क्षणी जो आनंद झाला तो मी लपवणार नाही. मी नवी वही घेतली आणि त्या दिवसापासून नोंदी करायला लागलो.

३

ल्युपिनची पानं सूर्याकडे बघतात. सकाळी पूर्वेला कलतात, दुपारी वर आणि संध्याकाळी पश्चिमेला. मी हे दर वर्षी फळ्यावर काढून दाखवतो. म्हणून जूनच्या एका रविवारी दुपारी चार वाजता पानं पश्चिमेला नाहीत, हे माझ्या लगेच लक्षात आलं.

दोन्ही ओळी आतल्या बाजूला बघत होत्या. वाफ्याच्या उजव्या टोकाची पानं डावीकडे वळलेली, डाव्या टोकाची उजवीकडे, आणि मधल्या चार झाडांची सरळ समोर, वाटेकडे. म्हणजे चाळीसच्या चाळीस झाडं वाटेवरच्या एकाच जागेकडे तोंड करून होती. त्या जागी काहीही नव्हतं. ओली माती होती, नुकतीच खुरपलेली.

मी मनाशी कारणं मांडली. वारा असेल, पण वारा नव्हता. घराच्या पत्र्यावरून उजेड पडत असेल, पण पत्रा गंजून तांबडा झाला होता. मी घड्याळ काढून बसलो. पाच मिनिटांनी ती जागा दोन झाडं पुढे सरकली होती. पानं वळताना दिसत नव्हती. दुसरीकडे बघून परत बघावं तर वळलेली असायची. पंचवीसेक मिनिटांत ती जागा वाफ्याच्या टोकाला पोचली, क्षणभर थांबली आणि परत फिरली. हा वेग मला ओळखीचा वाटत होता, पण कशाचा ते सुचेना. मी वहीत लिहिलं : 'प्रकाशाशी संबंध नाही. कारण अज्ञात. अद्भुत.'

मग मी मामांकडे पाहिलं. मी दहा वाजता आल्यापासून ते बाजेवर बसूनच होते. त्यांचे गुडघे दोन वर्षांपूर्वीच गेले होते, उकिडवं बसणं तर दूरच. आणि तरी त्यांचा सदरा पाठीवर घामानं चिकटला होता, छाती भरभर हलत होती. चहाचा कप घ्यायला त्यांनी हात पुढे केला तेव्हा उजव्या तळव्यावर ताजा फोड दिसला, फुटून ओला झालेला. नखांत माती होती.

मी विचारलं, मामा, बागेत काम कोण करतं?

ते हसले. "मी न्हाय करत," म्हणाले, "पर हुतंय. आनि माझ्यापरास चांगलं हुतंय."

४

बाकीचं मला शरणम्मानं सांगितलं. विहिरीवर ती पाणी शेंदत होती आणि मी मदत करण्याचं नाटक करत होतो. ती कमी बोलणारी बाई. बोलताना तिनं एकदाही वाफ्याकडे मान वळवली नाही.

सत्तरच्या खंडेनवमीची गोष्ट. नवमीला अवजारं धुऊन, विभूती-कुंकू लावून, झेंडू वाहून पाटावर मांडायची आणि त्या दिवशी त्यांना हात लावायचा नाही, ही रीत आमच्याकडे घरोघरी आहे. वर्षभर राबणाऱ्या लोखंडाला एका दिवसाची विश्रांती. मामांनीही खुरपं, कुदळ, कात्री सगळं पाटावर मांडलं होतं. पण आदल्या दिवशी त्यांनी ते उटीचं बी भिजत घातलं होतं, आणि नवमी दुसऱ्या दिवशी आहे हे नव्या बियांच्या हौसेत विसरले होते. सकाळी बघतात तर बी टरारून फुगलेलं. आणखी एक दिवस पाण्यात राहिलं तर कुजणार, काढून वाळवलं तर मरणार. मॅडमनी दिलेलं चाळीस बी, परत मिळणार नाही. शरणम्मा नको म्हणाली. मामांनी पाटावरचं खुरपं उचललं, त्याच्यावरचं कुंकू धोतराला पुसलं आणि संध्याकाळपर्यंत सगळं बी टोकलं.

दुसऱ्या दिवसापासून ते खुरपं घरात दिसलं नाही. त्यांनी पुष्कळ शोधलं. नवं घेतलं, पण त्याची गरज पडली नाही. वाफ्यातलं तण आपोआप निघायचं. मग शेजारच्या मोगऱ्यातलं निघायला लागलं, मग सगळ्या बागेतलं. दुपारी झोपलं की खुरप्याचा आवाज यायचा. पहिल्या वर्षी दोघांना बरं वाटलं. म्हातारपणी देवानं हात दिला, असंच ते समजले. दुसऱ्या वर्षी मामांच्या हातांना फोड यायला लागले.

"त्या दिवसाचं काम थांबलंच न्हाय, सर," शरणम्मा म्हणाली. "काम हुतंय तिकडं, आनि झिजतेत ते हितं."

तिचा विचार सरळ होता. ज्या दिवशी खुरप्याची विश्रांती मोडली त्या दिवशी जे पेरलं, ते उपटायचं. हातानं, कशाचंही पातं न लावता. पण मामा तयार नव्हते. उपटायचं नाही, अशी आपली आण त्यांनी तिला घातली होती. तीस वर्षं साहेबांच्या बंगल्यात राबलेल्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी शिकलेलं माणूस येऊन, तुमच्यासारखी बाग जगात नाही, असं म्हणत होतं. ते माणूस म्हणजे मी. मामा तिला म्हणाले होते की सरांनी सांगितलं तर उपटतो, नाहीतर नाही.

तिनं घागर खाली ठेवली. "तुमी एकदा म्हना," म्हणाली. "माझं ऐकत न्हाईत ते."

मी म्हणालो, बघू. शिकलेल्या माणसाला 'नाही' म्हणायचं नसतं तेव्हा तो 'बघू' म्हणतो. वाटेत गाडीत मी स्वतःशी हसलोसुद्धा. म्हातारा चोरून बागेत राबतो, गुडघे बरे असताना दुखतात म्हणतो, बायकोला कळत नाही, झालं. फक्त पानांचं वळणं त्यात बसत नव्हतं. त्या वेगाची ओळखही तेव्हाच पटली. उकिडवा बसून खुरपत पुढे सरकणारा माणूस पाच मिनिटांत दोन झाडांएवढाच सरकतो.

५

ऑगस्टमध्ये शेंगा धरल्या. तीन वर्षांत त्या वाफ्यात एकही शेंग धरली नव्हती, फुलं गळून जायची. आता मधल्या झाडांवर अकरा शेंगा होत्या, लव असलेल्या, करंगळीएवढ्या. सोलापूरचा उन्हाळा पचवलेल्या ल्युपिनचं बी! मी कुठल्या कुठे पोचलो. परिसंवाद दिसले, माझं नाव लावलेली जात दिसली. त्या शेंगा पिकायला सहा-सात आठवडे लागणार होते.

मामा मात्र खंगत चालले होते. गालफडं बसली होती. हातांना फडकी बांधलेली असायची आणि त्या फडक्यांवर मातीचे डाग. तरी मी दिसलो की त्यांचा चेहरा उजळायचा. बाग त्या महिन्यात जशी होती तशी मी पुन्हा कुठे पाहिली नाही. निशिगंधाची एकेक काडी ओळंब्यात लावल्यासारखी सरळ. मोगऱ्याला आळी अशी की बांगडी ठेवून आखली असावी. आणि पिवळा वाफा तर बघत राहावा असा, एक तुरा दुसऱ्याहून उंच नाही, एक वाळकं पान नाही. माणसाच्या हातून असं काम होत नाही. माणूस कुठेतरी कंटाळतो.

एका दुपारी मामा आणि मी बाजेवर शेजारी बसलो होतो. आवाज येत होता. मातीत पातं शिरण्याचा, मुळी तुटण्याचा आणि माती झटकण्याचा. इतका नेहमीचा आवाज, की मी तो किती वेळ ऐकत होतो ते मलाच ठाऊक नाही. मी मान वळवली. तुऱ्यांच्या मधून मला एक पाठ दिसली. सदरा खांद्यावर निळ्या ठिगळाचा. मान खाली, कोपर मागेपुढे होतंय. पापणी लवेपर्यंत दिसली असेल. मग नुसते तुरे हलत होते.

माझ्या शेजारी मामा बसले होते. त्यांच्या सदऱ्याला खांद्यावर निळं ठिगळ होतं. त्यांचं कोपर माझ्या कोपराला लागलं होतं आणि ते थरथरत होतं.

मला भीती वाटली. ती मी इथे स्पष्ट लिहितो, कारण पुढे मी जे केलं ते काही न कळल्यामुळे केलं असं कोणाला वाटू नये.

शरणम्मा बाहेर आली आणि आमच्या समोर उभी राहिली. नवमी यायला पाच आठवडे आहेत, तिनं सांगितलं. त्याच्या आत उपटायचं, फार तर नवमीच्या दिवशी, त्यापुढे नाही. मामा माझ्याकडे बघायला लागले. नुसतं हो म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "एवढ्या शेंगा पिकू देत."

मामांनी मान हलवली. त्यांना बरं वाटलं, हे मला दिसलं. शरणम्मा आत गेली.

६

खंडेनवमी शुक्रवारी आली. त्या दिवशी आमच्या पेठेत माग बंद असतात. माग पुसतात, त्याला हार घालतात, नारळ फोडतात. वर्षभर कानात भरलेली खटखट एकदम थांबते आणि माणसाला आपल्याच घरात पाहुण्यासारखं वाटतं. मास्तराच्या घरची अवजारं म्हणजे पुस्तकं आणि पेन. जगदेवीनं ती पाटावर मांडून विभूती लावली होती. माझं शाईचं पेन सगळ्यात वर होतं.

मी ते उचललं. ती म्हणाली, आजचा दिवस तरी राहू द्या की. मी तिला सांगितलं की शास्त्राला नवमी नसते. तिप्पण्णामामांची हकीकत मला पाठ होती, तरी मी असं बोललो. विभूती अंगठ्यानं पुसली, पेन खिशाला लावलं आणि स्टेशन गाठलं.

शेंगा अजून हिरव्याच होत्या. पण कडेनं पिवळी झाक आली होती. चार दिवस, फार तर पाच. शरणम्मा विहिरीपाशी उभी होती, हात पदरात. पाटावर कुदळ आणि कात्री मांडलेली, खुरप्याची जागा मोकळी ठेवलेली. मामा बाजेवर होते. मी त्यांच्याकडे गेलो आणि म्हणालो की फक्त चार दिवस. ते म्हणाले, "तुमी म्हनाल तसं, सर."

दुपारी बारानंतर आवाज वाढला. एरवी तो सावकाश असायचा, त्या दिवशी घाई होती. पानं डोळ्यांदेखत वळत होती. इकडून तिकडे, परत इकडे, पाच मिनिटांची वाट अर्ध्या मिनिटात. मी उकिडवा बसून लिहीत होतो. वेळ, झाडाचा क्रमांक, पानाचा कोन. माझा हात कधी इतका भराभर चालला नव्हता. शरणम्मा काहीतरी म्हणाली, मी मान वर केली नाही. मामांचा श्वास मला ऐकू येत होता. फडकी लाल झाली होती.

"थोडंच राहिलंय," मामा म्हणाले. कोणाला, ते कळलं नाही.

मग खुरप्याचा आवाज थांबला. दोन्ही ओळींतली पानं वाटेच्या अलीकडच्या टोकाकडे वळली. मग टोकाच्या बाहेर. मग मोगऱ्याच्या पलीकडे, अंगणाकडे. काम संपवून माणूस उठतो, पाय झटकतो आणि घराकडे चालायला लागतो, तेवढ्याच चालीनं चाळीस झाडं त्याच्यामागे बघत होती. दाराशी पाय धुवायची बादली होती, तिच्यातलं पाणी हललं. शेवटी सगळी पानं बाजेकडे तोंड करून थांबली.

मी तेही लिहिलं. वेळ लिहिली, एक वाजून दहा मिनिटं. मग वर पाहिलं तर मामा बाजेवर आडवे झाले होते आणि दिवसभर राबलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असते तशी शांतता त्यांच्या चेहऱ्यावर होती. शरणम्मा विहिरीपाशीच उभी होती. ती मामांकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

संध्याकाळी बागेच्याच कोपऱ्यात मामांना माती दिली. त्याआधी शरणम्मानं वाफा उपटला. एकेक झाड, दोन्ही हातांनी, शेंगांसकट. कोणी मदतीला गेलं नाही. मधल्या झाडाच्या मुळांत खुरपं निघालं. तीन वर्षं मातीत पडलेल्या लोखंडावर गंजाचा ठिपका नव्हता, पातं आरशासारखं. तिनं ते धुतलं, विभूती लावली आणि पाटावर मोकळ्या जागी ठेवलं.

७

त्याला वर्ष झालं. मी होटगीला परत गेलो नाही. शरणम्माला एक पत्र लिहिलं होतं, माफीचं. उत्तर आलं नाही, ते येऊही नये.

नोंदवही कपाटात ठेवून दिली होती. एकदा दिवाळीत काढली तर त्या दुपारच्या नोंदी बारा पानं निघाल्या. मला सहा-सात आठवत होती. घाईत लिहिलं असेल, असं म्हणून मी ती मिटली. संक्रांतीला एकवीस पानं होती. उन्हाळ्यात मनगट दुखायला लागलं. सुट्टीत मी खडूसुद्धा धरत नाही, तरी उजव्या हाताच्या मधल्या बोटावर शाईचा डाग असायचा, साबणानं न जाणारा. डॉक्टर म्हणाले, लिहिण्याचं काम कमी करा.

कालची खंडेनवमी. पेठेतले माग बंद पडले. या वेळी मी पेनाला हात लावला नाही. स्वतः धुऊन पाटावर ठेवलं, वर विभूती आणि झेंडूचं फूल. मग बाहेरच्या खोलीत खाटेवर येऊन बसलो, हात मांडीवर उलटे ठेवून. मागांच्या आवाजाखाली वर्षभर काय झाकलं गेलं होतं ते शांतता झाल्यावर ऐकू आलं. आतल्या खोलीत कागदावर निब चालत होतं.

जगदेवी स्वयंपाकघरातून आली आणि मला बघून दारातच थांबली. "तुम्ही हितं?" म्हणाली. "आत्ताच तर तिकडं टेबलावर चहा ठेवून आले की."

आम्ही दोघं आत गेलो. खोलीत कोणी नव्हतं. पाटावर पेन नव्हतं, झेंडूचं फूल बाजूला काढून ठेवलेलं होतं. कप रिकामा होता. कपाटातली नोंदवही टेबलावर उघडी होती आणि शाई ओली होती.

जगदेवीनं नोंदींच्या पुढचं पहिलं पान वाचलं. "माणसाला वेड असावं, पण परवडणारं असावं, हे तर मी म्हणते ते," ती म्हणाली आणि पुढे वाचेना. मी वाचलं. बाग, विहीर, निळं ठिगळ, बादलीतलं पाणी. खोटं एक अक्षर नव्हतं. मला जे धड आठवत नव्हतं तेही होतं, आणि जे कबूल करायची माझी छाती नव्हती तेही. अक्षर माझंच, पण इतकं सरळ आणि देखणं मला कधी काढता आलेलं नाही. एक शब्द खोडलेला नव्हता. मी पुष्कळ वाचलं आहे. लिहिणारा माणूस कुठेतरी कंटाळतो.

बाहेरच्या खोलीत आल्यावर जगदेवीनं माझा उजवा हात आपल्या हातांत घेतला. मधल्या बोटावर फोड आला होता. तिनं तो बघितला आणि म्हणाली की ती वही आत्ताच्या आत्ता चुलीत घालते, मी फक्त हो म्हणावं. आत पुन्हा निब चालायला लागलं होतं, जरा घाईनं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. विहिरीपाशी शरणम्मा बघत होती, तसंच.

मी म्हणालो, "एवढं पुरं होऊ दे."

आतला आवाज माझ्या उत्तरासाठी थांबला होता. तो परत सुरू झाला.